झाडून टाकलेले केस

मामीला जाऊन चार महिने झाले तरी कात्रीमामाच्या पेटीत तिचं नेलकटर तसंच पडून होतं. पेटी पत्र्याची, आत कप्पे केलेली. एका कप्प्यात दोन कात्र्या, एकात वस्तरा आणि पाती, एकात कंगवे, आणि मानेवरचे केस झटकायच्या ब्रशखाली, कोपऱ्यात, ते नेलकटर. मामा रोज पेटी उघडायचा, रोज ते दिसायचं, आणि रोज त्याच्यावर ब्रश ठेवून तो पुढच्या कामाला लागायचा.

चौकात त्याचं दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं. चर्चच्या मंडळीतली पोरं त्याला कात्रीमामा म्हणायला लागली, मग पोरांचे आईबापही म्हणायला लागले, आणि त्यामुळे त्याची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली. रविवारची उपासना सुटली की दारात उभं राहून मामा एक ठरलेला विनोद करायचा. देव म्हणे प्रत्येकाच्या डोक्यावरचे केस मोजून ठेवतो, तेव्हा देवाचं काम हलकं करणारा सगळ्या मंडळीत मी एकटाच. पाळकसाहेब हा विनोद वीस वर्षं ऐकत होते आणि वीस वर्षं हसत होते. मामी हसत नसे. "त्याला मोजू द्या. तुम्ही गप्प बसा," म्हणायची.

दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असे. त्या दिवशी दोघं आसरा घरात जायची. हे मंडळीनं चालवलेलं आठ खाटांचं घर. पुरुषांची एक खोली, बायकांची एक, मध्ये व्हरांडा. रस्त्यावरून उचलून आणलेली, कुणी विचारणारं नसलेली, दवाखान्यानं हात टेकलेली माणसं तिथं असायची. मामा त्यांचे केस कापायचा, दाढ्या करायचा. मामी त्याच खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांची नखं कापायची. तिचं म्हणणं साधं होतं. आपल्याला प्रवचन करता येत नाही, औषधपाणी कळत नाही. प्रभूनं तुमच्या हातात कात्री दिली आणि माझ्या हातात हे नेलकटर. तो जाब विचारेल तो एवढ्याचाच विचारेल, पण विचारेल नक्की.

मग मामी आजारी पडली. ऑपरेशन झालं, त्यानंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. एकदा सकाळी तिनं कंगवा मामापुढे धरला आणि विचारलं, वेणी घालून द्याल का? मामा हसला. म्हणाला, मी कापणारा माणूस, वेणी घालायला तुझ्या बहिणीला बोलाव. धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ती एक दिवसाआड येऊन वेणी घालून जायला लागली.

पुढे औषधांनी केस गळायला लागले. उशीवर, ताटात, मोरीत. मामाला हे नवं नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी दोघांचं असं झालेलं त्यानं पाहिलं होतं. रोज थोडे थोडे जाताना बघण्यापेक्षा एकदाच काढून टाकलेले बरे, हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. एका सकाळी तो दुकानातलं मशीन घरी घेऊन आला, मामीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि गळ्याभोवती कापड बांधलं. मामी म्हणाली, "थोडं थांबा ना. रविवार होऊन जाऊ दे." मामा म्हणाला, आज काय आणि रविवारी काय. दहा मिनिटांत डोकं साफ झालं. काम चांगलं झालं होतं, कुठे एक ओरखडा नाही.

मग त्यानं चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. कापड झटकलं. केरसुणी घेतली. फरशीवरचे केस एका जागी ओढले, सुपलीत भरले, डब्यात टाकले. खाली कचऱ्याची गाडी आलेली दिसली तसा डबा नेऊन रिकामा केला आणि हात धुतले. मामी स्टुलावर बसून हे सगळं बघत होती.

दुपारी तिनं विचारलं, "केस कुठे ठेवलेत?"

मामानं रिकाम्या डब्याकडे बघितलं. त्याचं तोंड बघूनच तिला काय ते कळलं. "बरं," ती म्हणाली. त्यावर पुन्हा कधी काही बोलली नाही. अठरा दिवसांनी ती गेली.

तेव्हापासून मामा आसरा घराकडे फिरकला नव्हता. पाळकसाहेबांना त्यानं सांगितलं, गुडघे दुखतात. पाळकसाहेबांनी त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि दुसरं काहीतरी बोलायला लागले. उपासनेला मामा यायचा, मागच्या बाकावर बसायचा. दारातला विनोद बंद झाला होता.

एका मंगळवारी सकाळी आसरा घराच्या सिस्टर स्वतः दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. आठ खाटांचं ते घर त्या एकट्या नर्सच्या जिवावर चालायचं, त्यामुळे त्या कुठे जात नसत. आल्या म्हणजे काम अडलं होतं. त्यांनी सांगितलं, एक नवी बाई आणलीय, साठीची असेल. छातीत पाणी झालंय, ताप उतरत नाही. नाव सांगत नाही. केसांची पार जट झालीय, पुठ्ठ्यासारखी, उवांनी भरलेली, आणि आत कानामागे जखम आहे. वास येतो पण दिसत नाही. शुक्रवारी डॉक्टर येणार, तोवर ती जागा मोकळी हवी. आम्ही दोनदा कात्री घेऊन गेलो तर दोन्ही हातांनी डोकं धरून बसली, आणि दुसऱ्या वेळी आयाच्या मनगटाला चावली. तुम्ही येऊन मशीन फिरवा.

मामानं गुडघ्यांचं सांगितलं.

"मामा, केस गुडघ्यांनी कापतात का?" सिस्टर म्हणाल्या.

तो दुपारी गेला. बायकांच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर ती बाई उशीला टेकून बसली होती. अंगानं मूठभर. दोन्ही तळवे डोक्यावर असे धरलेले, जसं वाऱ्यात छप्पर धरावं. मामानं पेटी ठेवली, नमस्कार केला, तिनं फक्त डोळे हलवले. आया दाराशीच उभी राहिली, हाताला पट्टी होती. मामानं मशीन काढलं आणि बटण दाबलं. ते घरघरायला लागलं.

बाई ओरडली नाही, चावली नाही. अगदी हळू म्हणाली, "थोडं थांबा ना."

मामानं मशीन बंद केलं. ते हातात धरून तो तसाच उभा राहिला. आयाला वाटलं बिघडलं. मग त्यानं वायर गुंडाळली, मशीन पेटीत ठेवलं आणि बाहेर जाऊन सिस्टरांना सांगितलं की आपण हे केस काढणार नाही, सोडवणार.

सिस्टर म्हणाल्या की हे दोन महिन्यांचं काम आहे. मामा म्हणाला, दोन महिने तुम्ही देणार नाही, म्हणून शुक्रवारपर्यंत करतो. सिस्टरांनी त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि आवाज खाली आणला.

"मामा, ती थोड्या दिवसांची पाहुणी आहे. केस वाचवून काय करायचंय?"

"थोड्या दिवसांची आहे म्हणूनच," मामा म्हणाला.

सिस्टरांनी बायकांच्या खोलीकडे एकदा वळून बघितलं. मग म्हणाल्या, ठीक. पण शुक्रवारी डॉक्टर आले आणि जखम मोकळी नसली, तर मी स्वतः कात्री चालवणार, मग तुम्ही मध्ये पडायचं नाही. मामानं मान हलवली.

त्या दिवसापासून दुपारी बाराला दुकानावर बंदची पाटी लागायला लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली. एक जण अर्धी दाढी करून घरी गेला.

गुंता सोडवायला मुळापासून सुरुवात करत नाहीत, टोकाकडून करतात. मामानं आधी उवांचं औषध लावलं, मग तेल कोमट करून जटेत जिरवलं. एक बट बोटांत धरायची, गाठीच्या वर घट्ट पकडायची म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि कंगव्याच्या शेपटीनं एकेक केस उचकायचा. दोन तासांत चार बोटं रुंद जागा झाली. आत काय काय निघालं. गवताच्या काड्या, दोऱ्याचे तुकडे, केसांत खोवायचा, गंजलेला एक आकडा. आकडा त्यानं पुसून उशाशी ठेवला.

न्हाव्याला गप्प बसून काम करता येत नाही. मामा बोलत राहिला. दुकानातला उजव्या बाजूचा आरसा माणसाला जाड दाखवतो म्हणून सगळी गिऱ्हाइकं डाव्या खुर्चीसाठी थांबतात, हे सांगितलं. बायको होती, चार महिन्यांपूर्वी गेली, हेही सांगितलं. बाई ऐकत होती की झोपली होती कळत नव्हतं. एकदा त्यानं विचारलं, ताई, लांब असतील ना केस? ती म्हणाली, गुडघ्यापर्यंत. वेणी कोण घालायचं, असं विचारल्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं. मामानं पुन्हा विचारलं नाही.

समोरच्या पुरुषांच्या खोलीतून एक म्हातारे आजोबा व्हरांड्यात येऊन बसायचे. ते तिथे तीन वर्षं होते आणि तक्रार करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी मामाला दोन्ही हात दाखवले. मामी गेल्यापासून माझी नखं वाघासारखी झालीत, म्हणाले. आया कापते, पण अर्धं बोट घेऊन जाते. मामा म्हणाला, बघू. आणि बघितलं नाही.

गुरुवारी पाळकसाहेब आले आणि तेलाची वाटी धरून तासभर उभे राहिले. त्यांच्या बाह्यांना तेल लागलं. प्रार्थना करू का, असं त्यांनी मध्येच हळूच विचारलं.

"करा," मामा म्हणाला, "पण वाटी सरळ धरा."

पाळकसाहेबांनी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली.

शुक्रवारी सकाळी मामानं दुकान उघडलंच नाही. दहापर्यंत सगळे केस मोकळे झाले, पांढरे, पातळ, कंबरेपर्यंत. राहिला फक्त डाव्या कानामागचा, मुठीएवढा एक गोळा. तो नेमका जखमेवर बसला होता. रक्त आणि पू वाळून केस त्यातच चिकटले होते. मामानं कोमट पाण्यानं भिजवून बघितलं, तेल घालून बघितलं. जरा ओढ लागली की खालून रक्त यायचं आणि बाईचे खांदे वर जायचे. अकरा वाजले. डॉक्टरांची गाडी फाटकात लागली.

बाईला गुंगी होती. मान एका बाजूला कलली होती. मामाच्या हातात कात्री आली होती, कशी आली ते त्याला कळलंही नाही. एक चाप, अर्धा सेकंद. चाळीस वर्षांचा हात, तिला जाणवलंही नसतं.

त्यानं कात्री खाटेवर ठेवली, तिला दिसेल अशी. मग फिरून पुढे आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे कटकन वाजले.

"ताई," तो म्हणाला, "एवढी गाठ माझ्याच्यानं सुटत नाही. खाली जखम आहे. एवढीच कापावी लागेल, बाकीचे सगळे राहतील. कापू का?"

तिनं डोळे उघडले. कात्रीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत कात्रीकडे. दारात सिस्टर आल्या, त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मामाकडे. मामा उठला नाही. सिस्टर परत गेल्या आणि बाहेर डॉक्टरांना चहा हवा का म्हणून विचारताना ऐकू आल्या. डॉक्टर म्हणाले, नको. सिस्टर म्हणाल्या, घ्या हो, टाकलाय. तोवर टाकलेला नव्हता.

मामाचे पाय बधिर झाले. व्हरांड्यात आजोबा खोकत होते. त्याला मामीचं स्टूल दिसत होतं. त्या दिवशी आपण असं समोर येऊन बसलो असतो तर किती वेळ गेला असता? एवढाच गेला असता. रविवारपर्यंत थांबलो असतो तर चार दिवस गेले असते. दुसरं काय गेलं असतं?

"टाकणार का?" बाईनं विचारलं.

मामाला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग कापा."

त्यानं कापलं. गोळा मांडीवरच्या कापडावर पडला आणि मामाचे हात कापडाच्या टोकांकडे गेले, झटकायला. तिथेच थांबले. त्यानं तो गोळा उचलला, ओल्या फडक्यानं जमेल तेवढा पुसला, आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली.

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी केली. बाहेर सिस्टरांशी बोलले, ते फार वेळ बोलले नाहीत.

दुपारी बाईनं मोकळे केस एका खांद्यावर घेऊन दोन-तीनदा बोटांनी तीन भाग करायचा प्रयत्न केला. हात गळून पडत होते. मामानं मेहुणीला फोन केला. ती शिवणकामाच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत तशीच आली, गळ्यात टेप. काय काम ते ऐकल्यावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजी, चाळीस वर्षं केसांत घालवलीत आणि तीन पेड येत नाहीत?"

"तू दाखव. घालतो मी."

तिनं टेबलावरच्या पट्टीच्या तीन फिती घेऊन दाखवलं. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर. मामानं फितींवर दोनदा केलं, मग खाटेवर मागे बसून केसांवर केलं. जखमेच्या पट्टीला धक्का लागू नये म्हणून त्याचे हात लांब राहत होते आणि वेणी एका बाजूला वळत होती. शेवटी दोरा बांधून त्यानं ती बाईच्या खांद्यावरून पुढे आणून दिली. तिनं वरपासून टोकापर्यंत हात फिरवला.

"सैल झाली," ती म्हणाली.

मेहुणी एकदम खिडकीकडे वळली. मामानं दोरा सोडला आणि पुन्हा घातली. या वेळी बाईनं हात फिरवला आणि म्हणाली, चालेल. त्यानंतर ती त्याच्याशी काही बोलली नाही, पण तो निघाला तेव्हा तिनं मूठ थोडी उघडून आतला गोळा आहे ना ते बघितलं आणि परत मिटली.

रविवारी उपासना सुटायच्या वेळेला ती गेली. आयानं मुठीतलं ते काढून टाकायला घेतलं होतं, सिस्टरांनी करू दिलं नाही. सोमवारी पुरलं तेव्हा पाळकसाहेब, सिस्टर, मामा आणि मेहुणी, एवढेच होते. नाव नव्हतं. पाळकसाहेब प्रार्थनेत आमची बहीण म्हणाले. वेणी पुढे छातीवर होती, तीन दिवसांत थोडी विस्कटलेली.

परतताना मामा आणि मेहुणी चालत निघाले. मग मामानं तिला सांगितलं. मशीनचं, कापड झटकल्याचं, कचऱ्याच्या गाडीचं, सगळं. चार महिने हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतही त्या जागेवर आला की पुढे जायचा.

मेहुणी चालता चालता थांबली.

"मला माहीत आहे, भावोजी. ताईनं सांगितलं होतं."

"काय म्हणाली?"

मेहुणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सांगू नकोस म्हणाली होती. रडली. उशी ओली होईपर्यंत रडली. म्हणाली, टकलाचं मला काही नाही गं, पण केरात टाकले. मग तोंड पुसलं आणि म्हणाली, त्यांना सांगू नकोस मी रडले ते. माणूस चांगला आहे, फक्त हात डोक्याच्या आधी चालतात."

मामा उभाच राहिला. त्यांच्या बाजूनं एक सायकल गेली.

"बरं," तो म्हणाला.

मेहुणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. पुढच्या वळणावर ती तिच्या गल्लीत गेली आणि मामा घरी आला. स्वयंपाकघरात स्टूल होतं. त्यावर तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो आसरा घरात गेला. खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर होती. उशाशी ठेवलेला तो गंजका आकडा आयानं सांभाळून ठेवला होता, तो तिनं आणून दिला आणि मामानं तो पेटीत टाकला. पुरुषांच्या खोलीत त्यानं तिघांच्या दाढ्या केल्या. मग व्हरांड्यात आजोबांसमोर खाली बसला, ब्रश बाजूला केला आणि नेलकटर काढलं.

"कुठून सुरू करू?" त्यानं विचारलं.

आजोबांनी अंगठा पुढे केला. मामानं तो धरला. नख जाड होतं, पिवळं, कडेला आत वळलेलं. नेलकटर त्याच्या बोटांना लहान पडत होतं. पहिल्याच नखाला आजोबांनी हात मागे ओढला.

"मामी बरी कापायची," ते म्हणाले.

"हो," मामा म्हणाला, आणि दुसरं बोट धरून थांबला. "हे कापू का?"